वाचून दाखवले, समजले

आमच्या घरमालकांचा जगात एकाच गोष्टीवर भरवसा होता, आणि ती म्हणजे त्यांचा स्वतःचा उजवा अंगठा. तो ते फार जपून वापरत. शिकलेले होते, सही झोकदार करत, पण सहीला ते काडीची किंमत देत नसत. "सही कोन पन मारंल. अंगठा माझाच लागतो," असं म्हणून तो अंगठा ते मुठीत दाबून धरत. कुरिअरवाल्याने सहीसाठी मोबाइल पुढे केला की बोट लावायला त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, हाक जायची.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडच्या अंगाला त्यांची तीन मजली इमारत होती. वरच्या मजल्यावर ते आणि काकी, खाली आम्ही भाडेकरू. माझी नोकरी ठाण्याला, एका विमा कंपनीत. 'अमुक कलमानुसार आपला दावा मंजूर करता येत नाही, क्षमस्व' अशी पत्रं लिहिण्याचा मला पगार मिळत असे. दिवसभर बारीक अक्षर वाचून डोळे इतके विटलेले असायचे की घरच्या कामात मी किराणा मालाच्या पुडीवरचंही वाचत नसे. त्यामुळे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार करायला बसलो तेव्हा दोन मिनिटांत मोकळे होऊ, असं धरून चाललो होतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला होता. मी अंगठा पुढे केला. घरमालकांनी माझं मनगट धरलं.

"वाचलास?"

"नेहमीचंच असतं, काका."

"नेहमीचंच असतं," ते एजंटकडे वळून म्हणाले. "हा विम्यात काम करतो."

मग त्यांनी अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवला. चष्मा नाकावर, बोट ओळीखाली. प्रत्येक पान संपलं की थांबायचे आणि विचारायचे, "वाचून दाखवले. समजले?" मी मान हलवली तर म्हणाले, "मान नको, बोल." मी 'समजले' म्हणेपर्यंत पान उलटत नव्हतं. एजंटला पुढे कल्याणला जायचं होतं, तो घड्याळ बघत होता. चौथ्या पानावर 'सदर जागेवर परवानाधारकास कोणताही हक्क प्राप्त होणार नाही' असं वाक्य होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"काय समजलास?"

"जागा माझी नाही."

"बरोबर. आता लाव अंगठा."

हा माणूस आपल्याला छळणार, असं मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. पंधरा दिवसांनी नळाची तक्रार घेऊन वर गेलो तर काकी म्हणाल्या, "आत हायत, खेलतायत." मला वाटलं पत्ते. आत साठीला टेकलेले आमचे घरमालक बनियनवर, मांडी घालून, टीव्हीच्या पुढ्यात बसले होते. हातात रिमोट. ते गेमच्या कंट्रोलरला रिमोटच म्हणत. जुन्या पिढीतलं एक काळं मशीन शेजारी धापा टाकत होतं, आणि ते गाड्यांच्या शर्यतीत जीव तोडून गाडी पळवत होते.

पडदा आडवा दुभागलेला होता, दोघांच्या खेळात असतो तसा. खालच्या अर्ध्यात त्यांची निळी गाडी पळत होती. वरच्या अर्ध्यात एक लाल गाडी सुरुवातीच्या रेघेवर नुसती उभी होती. फेरी पुरी झाली की निळी गाडी वरच्या अर्ध्यात मागून येई, लाल गाडीच्या बाजूने जाई, आणि जाताना काका एकदा हॉर्न वाजवत.

"वरची कोणाची?" मी विचारलं.

"पोरीची."

"ती कुठाय?"

"हैदराबादला."

"मग एकट्याचा खेळ लावा की. पूर्ण पडदा मिळेल."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "आन् तिची गारी? जागा सोडली का कब्जा गेला." ते गाडीला 'गारी' म्हणत. नळाचं राहूनच गेलं.

पुढे काकींकडून मला सगळं कळलं. पोर पाचवीत असताना तिने हट्ट करून ते मशीन घ्यायला लावलं. मशीन तिला काय शिकवतं यावर लक्ष ठेवायला काका शेजारी बसू लागले, रिकाम्या हाताने बसलं तर ती चिडते म्हणून दुसरा रिमोट धरला, आणि महिनाभरात तिला ब्रेक कधी दाबायचा ते शिकवू लागले. ट्रॅकवरच्या वळणांना त्यांनी आपली नावं दिली होती. एक मोहने, कारण तिथे मोहन्याच्या कारखान्यासारखा कायम धूर दिसायचा. पुलाखालचं खडवली, कारण खडवलीला नदीवर जाताना दोघांची स्कूटर अशाच वळणावर घसरली होती.

आणि मुख्य म्हणजे, बापलेक बोलायचे ते फक्त तेव्हाच. नापास झालेला पेपर, भांडलेली मैत्रीण, सगळं तिने गाडी चालवता चालवता सांगितलं होतं, कारण तेव्हा एकमेकांकडे बघावं लागत नसे. हैदराबादची नोकरी धरल्याचंही तिने खडवलीच्या वळणावरच सांगितलं. काकांची गाडी सरळ भिंतीत गेली. ती गेल्यापासून फोनवर दोघांचं बोलणं इतकंच: "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." मग फोन काकींकडे.

जुन्या मशीनवर दूरच्या माणसाशी खेळता येत नव्हतं, त्या पिढीची ती सोय कंपनीने केव्हाच बंद केली होती. पोर वर्षभर मागे लागली होती की बाबा, नवीन पिढीचं घ्या, मी पण घेतलंय, रविवारी अकरा वाजता खेळू. आणि काका 'बघू' म्हणत होते. 'बघू' म्हणजे नाही, हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नवीन पिढी हा शब्दच त्यांना खटकायचा. "पिढी? जुनी पिढी अजून जित्ती हाय ना? चालते ना? मंग वाटनी कोनी मागितली?" मोबाइलवर नव्या मशीनची खोकी उघडून दाखवणारी पोरं ते नेमाने बघत आणि नेमाने त्यांच्यावर डाफरत. "हा बग, खोका उघडायच्या आधीच हसतो. याला फुकट मिलालाय." मी कॉलेजात असताना या खेळांच्या पायी एक वर्ष घालवलेलं असल्याने मला राहवायचं नाही. मी म्हणायचो, काका, चित्र किती खरं दिसतं, गवताचं पान न् पान दिसतं. ते म्हणायचे, "मी गारी चालवू का गवत कापू?" मी म्हणायचो, खेळ लगेच सुरू होतो, थांबावं लागत नाही. ते म्हणायचे, "थांबावा लागतो तेवढ्यात मी चाय पितो. यांना माझ्या चायची एवढी घाई का?" मशीन उभं ठेवता येतं हे ऐकून तर ते खूश झाले, कारण त्यांचा संशय खरा ठरला: उभी वस्तू पडते, पडली की नवी घ्यावी लागते.

जुने खेळ नव्यावर चालतात, असं मी एकदा सांगितलं. "सगले?" त्यांनी विचारलं.

"निवडक."

"निवडनारा कोन?"

सगळ्यात मोठा आक्षेप तबकडीवर होता. पोरीने घेतलेल्या नव्या मशीनला तबकडी घालायची फटच नव्हती, खेळ सगळे वरून उतरवून घ्यायचे. "डिस्क नाय म्हंजे सात-बारा नाय," काका म्हणाले. "उद्या तो बोलला खेल तुझा नाय, तर मी दाखवू काय?" हे बोलताना ते आपल्या जुन्या तबकड्यांच्या कपाटाला किल्ली लावत होते. त्यांचं जुनं मशीन बिघडलं की कल्याणच्या दुरुस्तीवाल्याकडे जाई, पण जाण्याआधी ते त्याच्या प्रत्येक स्क्रूवर काकींच्या नेलपॉलिशचा ठिपका देत. ठिपका तडकला असेल तर स्क्रू खरंच उघडला, नसेल तर तो नुसतंच पुसून देतोय. दुरुस्तीवाल्याने सगळे ठिपके तडकवले होते, तरी काकांचा संशय गेला नाही. ते म्हणाले, त्याला ठिपक्यांचं कळलंय.

मला हे सगळं ऐकायला गंमत वाटायची, पण काकींना वाटत नव्हती.

शेवटी पोरीने कंटाळून स्वतःच मशीन पाठवून दिलं. काकांनी पार्सल आल्यापासून वरचं वेष्टन निघेपर्यंत व्हिडिओ काढला आणि आतलं खोकं न उघडता खाटेखाली सरकवलं. तीन महिने झाले तरी ते तिथेच असणार, असं मी धरून चाललो होतो. एका शनिवारी काकी मला जिन्यात भेटल्या. हातात सुकवून गोळा केलेले कपडे होते, पण त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "पोर काल बोलली, आता नाय विचारनार. बाबांना माझ्यासंगं खेलायचंच नसंल. तू जरा सांग ना त्यांना." त्यांचे डोळे भरले होते. मला काकांचा खरोखर राग आला. बापाने मुलीशी बोलावं यात संशय घेण्यासारखं काय आहे, असं मनात घोळवतच मी दुसऱ्या दिवशी वर गेलो.

मी गेलो तेव्हा खोकं उघडलेलं होतं. मशीन टीव्हीला जोडलेलं होतं, आडवंच. नव्या रिमोटमध्ये आवाज ऐकणारं बारीक भोक असतं, त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी चिकटवलेली होती. आणि पडद्यावर इंग्रजी अटींचा मजकूर होता, खाली 'मला मान्य आहे' या अर्थाचं एक बटण.

"कधीपासून असं आहे?"

"महिना झाला," काका म्हणाले. "चालू करतो, हितं येतो, बंद करतो."

"अहो दाबा की! हे सगळे न वाचताच दाबतात."

"कशानी दाबतात?"

मी रिमोटकडे पाहिलं. ते बटण उजव्या अंगठ्याखाली येत होतं.

तेव्हा त्यांनी मला आज्याची गोष्ट सांगितली. खाडीलगत त्यांची भाताची खाचरं होती. एका वर्षी बांध फुटून खारं पाणी आत आलं. बांध दुरुस्तीचा म्हणून एक कागद आला. आज्याला वाचता येत नव्हतं, तर गावातल्या एका ओळखीच्या, घरच्यासारख्या माणसाने तो वाचून दाखवला आणि मधल्या दोन ओळी गाळल्या. आज्याने अंगठा लावला आणि दुरुस्तीचे म्हणून दिलेले थोडे पैसे घेतले. खाली लिहिलेलंच होतं: वाचून दाखवले, समजले. खाचरं गेली. "त्या साली आत्या आजारी. तिला ठान्याला दवाखान्यात ठेवलेली, आजा येऊन जाऊन. त्याचा ध्यान नव्हता, म्हनून फसला." आता तिथे मोठे टॉवर आहेत, काकांच्या गॅलरीतून दिसतात. काका गॅलरीत बसताना खुर्ची उलटी ठेवत, ती का ते मला त्या दिवशी कळलं.

"आज्याला कागदानी नाय फसवला," ते म्हणाले. "वाचनाऱ्यानी फसवला."

मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तू वाचून दाखवशील?"

त्या अटी पडद्यावरून वाचलेल्या त्यांना चालणार नव्हत्या, पडद्यावरची अक्षरं बदलता येतात. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणल्या. चाळीसच्या वर पानं झाली. काकींनी ती दाभणाने टोचून दोऱ्याने बांधली. चार रविवार मी ती वाचत होतो, वाक्य इंग्रजीत, मग त्याचं मराठी. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी सही करायची आणि 'वाचून दाखवले' लिहायचं, त्याखाली ते 'समजले' लिहायचे. काकांचे प्रश्न ऐकून मला माझ्या ऑफिसातल्या वरिष्ठांची कीव आली. 'वेळोवेळी बदल करण्याचा हक्क' या शब्दांवर आमचा एक अख्खा रविवार गेला. तरी ते पुढे सरकत होते. कधी हं म्हणत, कधी काकींना चहा टाकायला सांगत. मला दिसत होतं की या माणसाला खेळायचंय. त्याला फक्त कोणीतरी सरळपणे सांगायला हवं होतं की काही घोळ नाही.

आणि मग एकविसावं पान आलं. विसावं वाचतानाच माझी नजर पुढे गेली होती, ती माझ्या पोटापाण्याची सवय आहे. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की तुम्ही कोणताही खेळ विकत घेत नाही, वापरायची परवानगी तेवढी घेता, आणि ती आम्ही कधीही, कारण न देता काढून घेऊ शकतो. म्हणजे सात-बारा कंपनीच्याच नावावर. काकांना इतके दिवस ज्याचा संशय होता तो अक्षरशः खरा होता. हे वाचलं की पुडकं बंद, मशीन परत खाटेखाली, आणि पोर पुन्हा विचारणार नाही. ऑफिसात असलं कलम शोधून काढून मी लोकांचे दावे फेटाळत असे. त्या दिवशी पहिल्यांदा मी असं कलम कोणाच्या भल्यासाठी लपवलं. बोटाला थुंकी लावली आणि दोन पानं एकदम उलटली.

काका खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या पानावर त्यांनी 'समजले' लिहिलं.

शेवटचं पान झालं तेव्हा अकरा वाजत आले होते. काकांनी हात साबणाने धुतले, पुसले, रिमोट घेतला आणि उजवा अंगठा बटणावर ठेवला. थोडा वेळ नुसता ठेवला. मग दाबला. काकींनी देवापुढे साखर ठेवली आणि पोरीला फोन लावला.

खेळ तोच होता, नव्याने रंगवलेला, ट्रॅकही तोच. पण पडदा दुभागलेला नव्हता. अख्ख्या टीव्हीवर त्यांची एकट्याची गाडी, आणि पुढे दूरवर एक लाल गाडी.

"तिचा अर्धा कुठं हाय?" काका घाबरून म्हणाले.

"तिचा तिच्या टीव्हीवर आहे."

"मंग ही तीच कशावरून?"

मी कपाळाला हात लावला. टीव्हीतून पोरीचा आवाज आला, "हॅलो बाबा? बाबा, तुमचा आवाज येत नाहीये." चिकटपट्टी. काकांनी ती काढली, पण अर्धीच, आणि रिमोट तोंडाजवळ नेऊन साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, "पुलाखालच्या वलनाला आपन काय बोलायचो?"

पोर म्हणाली, "खडवली. बाबा, ब्रेक दाबा!"

काकांनी ब्रेक दाबला. मी आणि काकी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बाहेरून तासभर बोलण्याचे आवाज येत होते, आणि त्यात जेवलीस का हे एकदाही नव्हतं.

मला स्वतःचा अभिमान वाटत होता हे कबूल करतो. तो तीन आठवडे टिकला. चौथ्या रविवारी काकांनी मला गॅलरीत बोलावलं. खुर्ची सरळ होती, तोंड टॉवरांकडे.

"एकवीस नंबरचा पान," ते म्हणाले.

तेच, मी गाळलेलं पान.

"तू वाचायच्या आधी पोरीनी माना सगला फोनवर वाचून दाखवलेला. तिला बोललो, परत नाय विचारनार बोललीस ना, मंग वाच."

"मग माझ्याकडून कशाला वाचून घेतलंत?"

"दोघांचा जुलतो का बघाला."

मी मान खाली घातली. त्यांच्या नजरेत मी आता आज्याला फसवणाऱ्या त्या माणसाच्या रांगेत बसलो होतो, आणि ती जागा माझीच होती. मी म्हणालो, "काका, चुकलं. तुम्ही खेळणार नाही अशी भीती वाटली."

"ते कलला माना. पोर सरल वाचली, तिलाबी पायजे होता मी खेलावं. तू गाललास, तुलाबी तेच पायजे होता." ते टॉवरांकडे बघत राहिले. "आन् मी? माना ठाव होता खेल माझा नाय, तरी अंगठा लावला."

खाडीकडून वारा येत होता. मग काका हळूच म्हणाले, "आत्या बरी झाली, बग, त्या कागदाच्या पैशात. त्या साली. दवाखान्यातून चालत घरी आली."

मग ते माझ्याकडे वळले.

"आज्याचा ध्यान नव्हता, असा मी जलमभर सांगत आलो. ध्यान होता. आत्याकडं होता. त्याला पन कलला असंल, काय लिवलाय ते." त्यांनी आपला उजवा अंगठा उघडून पाहिला आणि परत मिटला. ते रडत नव्हते, पण मला रडू आलं. आजवर ज्याची त्यांना कीव यायची, तो आजा त्या दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहत होता आणि मी शेजारी बसून ते बघत होतो.

म्हणून ते बदलले असं कोणी समजू नये. चिकटपट्टी अर्धी होती ती अर्धीच राहिली. जुनं मशीन कपाटात गेलं नाही, रविवार सोडून बाकीचे दिवस ते त्याच्यावरच खेळत, वरच्या अर्ध्यात लाल गाडी उभी करून. नव्या मशीनने एकदा आपोआप काहीतरी नवं उतरवून घेतलं तर त्यांनी मला ऑफिसात फोन करून विचारलं की रात्रीत आत काय शिरलं. माझ्याशी मात्र ते आठ-दहा दिवस तुटकच होते. मला वाटलं, आता जागा सोडायला सांगतील. त्यांचा तो हक्क होता, चौथ्या पानावर लिहिलेला.

अकरा महिने संपत आले. एजंट पुन्हा लॅपटॉप आणि यंत्र घेऊन आला, आल्या आल्या घड्याळ काढून समोर ठेवलं. काकांनी चष्मा लावला, बोट ओळीखाली ठेवलं. पहिलं पान वाचलं, मी समजले म्हणालो. दुसरं, तिसरं. मग त्यांनी बोटाला थुंकी लावली, दोन पानं एकदम उलटली आणि पाचव्या पानापासून वाचायला लागले.

एजंट म्हणाला, "काका, एक पान..."

"तू गप रे," काका म्हणाले.

चौथ्या पानावर काय आहे ते मला पाठ होतं. सदर जागेवर परवानाधारकास कोणताही हक्क प्राप्त होणार नाही. स्वल्पविरामसुद्धा न गाळणाऱ्या माणसाने ते वाक्य माझ्यापुरतं गाळलं होतं, आणि आता छताकडे बघत बसला होता. सगळी पानं संपल्यावर त्यांनी करार मिटला आणि अंगठ्याचं यंत्र माझ्याकडे सरकवलं.

"वाचून दाखवले," ते म्हणाले. "समजले?"

"समजले, काका," मी म्हणालो आणि अंगठा लावला.